मुलगी जर्मनीला यजमान कुटुंबाकडे राहायला चालली आहे : पहिला आठवडा कसा असतो?

पार्ल्याची_आई

नमस्कार मंडळी. माझी लेक अकरावी संपवून विद्यार्थी-विनिमय योजनेतून दहा महिन्यांसाठी जर्मनीला निघाली आहे. हॅनोव्हरजवळ एक लहानसं गाव आहे. घरात आई, बाबा, दोन मुलगे आणि कुत्रा. ऑगस्टअखेरचं विमान आहे, म्हणजे यंदाचे गणपती तिच्याशिवाय. तिचं जर्मन ए-२ पर्यंत (म्हणजे सुरुवातीपासूनची दुसरी पायरी) झालंय. वाचते बरं, पण बोलताना घाबरते.

कागदपत्रांचं सगळं संस्थेने समजावलंय, त्याबद्दल प्रश्न नाही. मला कळत नाहीये ते पहिल्या आठवड्याचं. पार्ल्यात आमचं घर चारचौघांसारखं : आजी, काका-काकू वरच्या मजल्यावर, दार कायम उघडं. लेक आजवर मावशीकडे किंवा आत्याकडे सोडून कुठे राहिलेली नाही. आणि ही मुलगी आता अनोळखी माणसांच्या घरात सकाळी उठून चहा मागणार! मागेल का, हाच खरा प्रश्न आहे. भूक लागली तरी सांगायची नाही, असा तिचा स्वभाव. शाकाहारी आहे, अंडं खाते.

जे स्वतः असे राहून आलेत किंवा ज्यांची मुलं गेली आहेत त्यांनी मोकळेपणाने लिहा. मला धीर देऊ नका, माहिती द्या. धीर द्यायला घरात सासूबाई आहेत.

---

सायनचा_सूर

मी शाळेत असताना ब्रेमेनला असाच एका कुटुंबाकडे राहिलो होतो. भूक लागली तरी ती सांगत नाही, असं जे तुम्ही लिहिलंय तिथूनच सुरुवात करतो, कारण पहिल्या आठवड्यात सगळं त्यावरच अडतं.

आपल्याकडे कुणी वाढायला आलं की आपण "नको नको, पुरे" म्हणतो. समोरचा आग्रह करतो, आपण पुन्हा नको म्हणतो, मग पानात पडतं ते खातो. हे इतकं अंगात मुरलेलं असतं की पोटात कावळे ओरडत असतानाही तोंडातून आधी नकोच निघतं. जर्मन घरात एकदा "नको" म्हटलं की भांडं पुढे जातं. यात तुटकपणा काही नाही. तुमच्या शब्दाचा मान राखला, अशी त्यांची समजूत असते. त्यांच्या लेखी पोरगी जेवली, उठली. इकडे पोरगी उपाशी झोपली. तेव्हा लेकीला घरीच सवय लावा : हवं असेल तर पहिल्याच वेळी "हो, चालेल". नको असेल तर "नको, पोट भरलं, छान होतं". मधलं काही नाही.

दुसरं म्हणजे रात्रीचं जेवण. पुष्कळ घरांत गरम जेवण दुपारी होतं आणि संध्याकाळी सहा-सातला पाव, चीज, काकडी, टोमॅटो, लोणी असं थंड मांडतात. आपल्या मुलांना ही जेवणाआधीची तयारी वाटते, आणि ती जेवणाची वाट बघत बसतात. तेच जेवण असतं! पोटभर खायचं. सगळे बसेपर्यंत हात लावायचा नाही, आणि "गुटन आपेटीट" (चवीने जेवा, अशा अर्थी) म्हणून सुरुवात.

शाकाहाराबद्दल नुसतं "मी शाकाहारी" म्हणून भागत नाही. बटाट्याच्या सॅलडमध्ये किंवा फरसबीच्या भाजीत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात, सुपाला मांसाचं पाणी असू शकतं, चघळायच्या रबरासारख्या गमी गोळ्यांमध्ये बहुधा जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेला पदार्थ, असतं. लेकीला मासे चालतात का, अंडं चालतं का, जिलेटिनचं काय, हे एका चिठ्ठीवर जायच्या आधीच यजमानांना लिहून पाठवा. आयत्या वेळी ताटात आलेलं बाजूला सारण्यापेक्षा हे सगळ्यांनाच सोपं जातं.

---

मुलुंडची_वैजयंती

मी यजमानांच्या बाजूने लिहिते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे मुलुंडला एक जर्मन मुलगी वर्षभर राहून गेली. अशा बहुतेक योजनांत यजमानांना पैसे मिळत नाहीत. हौसेने, आपल्या मुलांना जग कळावं म्हणून लोक घर उघडतात. तेव्हा तुमच्या लेकीला एक गोष्ट नक्की सांगा, की ती तिथे पेइंग गेस्ट नाही आणि पाहुणीही नाही. त्यांना ती घरात हवी आहे.

आमची पोरगी जुलैच्या धो-धो पावसात आली. २४ तासांच्या आत तिचा फॉर्म सी (घरी परदेशी पाहुणा राहतोय याची सरकारी नोंद) ऑनलाइन भरायचा होता, त्यामुळे पहिल्या दिवशी आमचं लक्ष कागदांत. आमच्या बाथरूमच्या गीझरचं बटण बाहेर आहे, पॅसेजमध्ये, दाराच्या वरच्या अंगाला. तिला ते कुणी दाखवलंच नाही. ती रोज शहारत बाहेर यायची आणि आम्ही एकमेकांत म्हणायचो की या लोकांना गार पाण्याची सवय असते. काही दिवसांनी सासूबाईंनी तिचा हात हातात घेतला, तर बोटं बर्फ. "अगं, हिला गरम पाणी कोण देतंय?" मग उलगडा झाला. तिला वाटलं होतं, भारतात आंघोळ अशीच करतात आणि विचारलं तर आम्हाला कमीपणा वाटेल. आम्ही विचारलं नाही कारण तिला अवघडल्यासारखं होईल. दोन्ही बाजू चांगल्या मनाच्या, आणि मधल्या मधे पोरगी गारठली.

तुमची लेक तिकडे नेमकी याच जागी असेल. हीटर कसा लावायचा, शॉवरचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, किल्ली कुठे ठेवायची, सकाळी बाथरूममध्ये आधी कोण जातं, फ्रीजमधलं न विचारता घेतलेलं चालतं का, कपडे धुवायला कुठे टाकायचे. हे प्रश्न पहिल्याच संध्याकाळी विचारून टाकावेत. पहिल्या संध्याकाळी विचारणं स्वाभाविक असतं. महिन्याने विचारायचं म्हणजे लाज वाटते.

आणखी एक. ती आपल्या खोलीचं दार लावून बसायची, आणि आमच्या घरात लावलेलं दार म्हणजे कुणीतरी रुसलंय. मी दोनदा खायला घेऊन गेले, काय बिनसलं म्हणून. तिच्याकडे खोलीचं दार लावलेलंच असतं, रुसण्याचा संबंध नाही. तुमच्या मुलीला तिकडे सगळी दारं बंद दिसतील. घरचे तिच्यावर नाराज आहेत असं तिने धरून चालू नये. टकटक करावी, थांबावं, आत जावं. उलट तिनेच दिवसभर दार लावून फोनमध्ये डोकं घातलं तर मात्र यजमान आई काळजीत पडेल. संध्याकाळी बैठकीच्या खोलीत येऊन बसावं, काही बोलता आलं नाही तरी.

---

दादरची_जर्मनवाली

मी बरीच वर्षं दादरला मुलांना जर्मन शिकवते. वरच्या दोन्ही प्रतिसादांशी सहमत. शाळेबद्दल थोडं लिहिते.

शाळा सकाळी पावणेआठ-आठच्या सुमारास भरते. गणवेश नसतो. बोलायचं असेल तर पंजा नाही, तर्जनी वर करतात. गुणांची पद्धत आपल्या उलट : १ म्हणजे सर्वोत्तम आणि ६ म्हणजे सगळ्यात वाईट. पहिल्या चाचणीत २ मिळाले म्हणून माझी एक विद्यार्थिनी रडली होती, तिकडचे शिक्षक गोंधळले.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्गातल्या तोंडी सहभागाचे गुण असतात आणि त्यांना चांगलंच वजन असतं. आपली मुलं वर्गात गप्प बसणं म्हणजे शिस्त असं शिकून गेलेली. तिकडे गप्प बसलेल्या मुलाला काही येत नाही किंवा त्याला रस नाही, असं समजतात. पहिल्या आठवड्यात तिने रोज एका तासाला एक वाक्य बोलायचं ठरवावं. व्याकरण चुकलं तरी चालेल, दिवसाकाठी एक वाक्य.

हाक मारण्याचा प्रश्न प्रत्येक मराठी मुलाला पडतो. शिक्षकांना आडनावाने आणि आदरार्थी बोलायचं. यजमान आई-बाबा मात्र बहुतेक पहिल्याच दिवशी "आम्हाला नावाने हाक मार" म्हणतात. आईच्या वयाच्या बाईला एकेरीत नावाने हाक मारायला जीभ रेटत नाही, मग मुलं हाक मारणंच टाळतात. "जरा ऐकता का" असंसुद्धा न म्हणता समोर जाऊन उभी राहतात. यजमानांना ते फार परकं वाटतं. तिच्याकडून घरी मोठ्याने सराव करून घ्या, हसू आलं तरी. नावाने हाक मारणं हा तिथे जवळिकीचा भाग आहे, त्यात अनादर नाही.

---

पार्ल्याची_आई

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी. गीझरचा किस्सा लेकीला वाचून दाखवला, ती म्हणाली "मीही तेच केलं असतं". चिठ्ठी आजच लिहायला घेतलीय.

आता आजीचा प्रश्न. तूप, बेसनाचे लाडू आणि पेढे द्यायचे आहेत. शिवाय बॅगेत काय हवंच आणि भेट काय न्यावी? संडास-बाथरूमचंही कुणीतरी स्पष्ट लिहा, आडपडदा नको.

---

बोरीबंदर_ते_बर्लिन

आजींना माझा नमस्कार सांगा, पण तूप आणि पेढे नाहीत. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून प्रवाशांनी दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. खवा, बर्फी, पनीर सगळं त्यात आलं. विमानतळावर सापडलं तर फेकून देतात, वर दंड होऊ शकतो. लाडवातही तूप आहे, तेव्हा वाद घालण्यापेक्षा घरीच खाऊन संपवा. ताजी फळं, भाज्या, कढीपत्ता यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. त्यातून फक्त नारळ, केळं, अननस, खजूर आणि डुरियन सुटलेत. म्हणजे नारळ चालतो आणि हापूस नाही. सुकट नियमात बसते, पण दुसऱ्याच्या बंद घरात सुकट भाजायची कल्पना तुम्हीच करा. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, आमसुलं, तेलातला चिवडा हे सुखाने न्या. भाजणी पीठच आहे, पण पाकिटावर जर्मन किंवा इंग्रजीत नाव लिहून ठेवा, नाहीतर सुटी पुडी बघून प्रश्न विचारत बसतात.

चार्जरची पातळ दोन पिनांची पिन तिकडे बहुधा बसते, आपली तीन गोल पिनांची नाही. वीज २३० व्होल्टच, त्यामुळे फक्त अडॅप्टर पुरे.

बाथरूम : संडासात पाण्याची सोय नसते, कागद असतो. आपली मुलं एक रिकामी बाटली ठेवतात, तीही ठेवील, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण शॉवरच्या बाहेरच्या फरशीला बहुतेक घरांत पाणी जायला जागाच नसते. बाहेर सांडलेलं पाणी खाली मुरतं आणि छताला डाग पडतात. आंघोळ आतच, मग फरशी पुसायची. आंघोळ लांबवायची नाही, गरम पाणी महाग आहे. डोक्याला तेल लावून झोपायचं असेल तर उशीवर आपला टॉवेल घालावा.

भेट महागडी नको. वारलीचं छोटं चित्र, चहाचा मसाला आणि घरच्यांच्या फोटोंची एक लहान वही. फोटोंमुळे पहिल्या संध्याकाळी बोलायला विषय मिळतो. हा काका, ही आजी, हा आमचा गणपती. ए-२ च्या जर्मनमध्ये एवढं सहज जमतं.

---

ठाकुरद्वारचे_बाबा

फोनबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. माझा मुलगा असाच गेला होता. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या आठवड्यात रोज व्हिडिओ कॉल करू नका. ते सकाळचा नाश्ता करत असतील तेव्हा आपल्याकडे दहा-साडेदहा वाजलेले, आणि त्यांचं संध्याकाळचं पावाचं जेवण असतं तेव्हा आपण रिकामे होतो. नेमका तेव्हाच आपला कॉल जातो आणि पोर ताटावरून उठून खोलीत जातं. यजमान एकटे जेवतात. असं रोज झालं तर ते घर मुलाला आपलं कधी वाटणार? आम्ही रविवारची वेळ ठरवली होती. आपले रात्रीचे आठ म्हणजे तिकडे उन्हाळी वेळेनुसार दुपारचे साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, मग साडेतीन.

---

अंधेरी_पूर्व

ठाकुरद्वारच्या बाबांशी पूर्ण असहमत. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, अनोळखी घर, आणि आठवडाभर आईने आवाज ऐकायचा नाही? काही बिनसलं तर ती रविवारपर्यंत थांबणार का? मला तरी रोज आवाज ऐकल्याशिवाय झोप लागणार नाही.

---

मुलुंडची_वैजयंती

दोघांचंही खरं आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होताहेत. रोज रात्री एक छोटा निरोप, "झोपतेय, ठीक आहे", हा असायलाच हवा. तो कॉल नव्हे. आणि सुरक्षिततेचं म्हणाल तर आईला फोन लागणं पुरेसं नाही, आई पार्ल्यात बसून काय करणार? प्रत्येक मुलाला तिथलीच एक संपर्क व्यक्ती दिलेली असते, यजमानांच्या घराबाहेरची. तिचा नंबर मुलीला तोंडपाठ हवा. घरात कुणाच्याही वागण्याने अस्वस्थ वाटलं, खोलीत न विचारता कुणी शिरलं, काहीही खटकलं, तर त्याच दिवशी तिला सांगायचं. आपल्याला वाटतंय ते बरोबर की चूक याचा विचार करत बसायचं नाही. घर बदलून मिळतं, आणि ते मागण्यात कृतघ्नपणा नाही. पोलिसांसाठी ११०, रुग्णवाहिका आणि अग्निशमनासाठी ११२.

---

अंधेरी_पूर्व

हे पटलं. संपर्क व्यक्तीचं मला माहीत नव्हतं.

---

सायनचा_सूर

रविवारचं राहिलं. दुकानं जवळजवळ सगळी बंद. सॅनिटरी पॅड, टूथपेस्ट असं काही लागणार असेल तर शनिवारीच घ्यावं. रविवारी शांतता पाळतात : गवत कापायचं नाही, ड्रिल चालवायचं नाही, काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या डब्यात टाकायच्या नाहीत. पाण्याच्या प्लॅस्टिक बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत मिळते, म्हणून बाटली चुरगाळून टाकू नये. कचऱ्याचे डबे वेगवेगळे असतात, आणि गावागणिक थोडा फरक असतो, तेव्हा घरातल्याच कुणाला तरी दाखवायला सांगावं. नळाचं पाणी पिता येतं.

आणि आल्यावर दोन आठवड्यांच्या आत गावच्या कार्यालयात पत्त्याची नोंद करायची असते. त्यासाठी राहायला घर देणाऱ्याच्या, म्हणजे यजमानांच्या, सहीचा कागद लागतो. यजमानांना माहीत असतं, तरी तिने स्वतः आठवण करावी.

---

पार्ल्याची_आई

मंडळी, लेक पोचली आणि पहिला आठवडा पार पडला. तिने रात्री पाठवलेल्या निरोपांवरून लिहितेय.

फ्रँकफर्टला उतरून रेल्वेने पुढे. यजमान बाबा फलाटावर तिच्या नावाची पाटी घेऊन उभे होते. पहिल्या संध्याकाळी पावाचं जेवण. तिला चीज पुढे केलं, तोंडावर नको आलं होतं, तिने गिळलं आणि "हो" म्हणाली. मग गीझरवाली यादी काढली. मी ती वहीत लिहून दिली होती, तिने सरळ वही टेबलावर ठेवली आणि एकेक प्रश्न वाचला. यजमान आई उठली आणि तिला घरभर फिरवून आणलं. धाकटा मुलगा मागे मागे. कपड्यांची टोपली तळघरात आहे, धुणं बुधवार-शनिवार, सकाळी बाथरूममध्ये आधी थोरला मुलगा, मग ही.

रविवारी सकाळी तिला एकटीला कापडी पिशवी देऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत पाठवलं. बेकरी रविवारी सकाळी थोडा वेळ उघडी असते. वाटभर वाक्य घोकत गेली. सहा पाव द्या, त्यातले दोन तीळ लावलेले. दुकानातल्या बाईने काहीतरी भराभर विचारलं, ते हिला कळलं नाही. मागे रांग. ही म्हणाली, "कृपया हळू बोला, मी नवीन आहे." त्या बाईने बोटाने दोन टोपल्या दाखवल्या, तीळ की खसखस? हिने बोट दाखवलं, पैसे दिले. सहाऐवजी सात पाव होते पिशवीत. सातवा त्या बाईने असाच दिला. तो निरोप वाचून मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला, त्यांनी पुन्हा वाचायला लावला.

मंगळवार वाईट गेला. शाळेत काही कळलं नाही, मधल्या सुट्टीत एकटी उभी होती, घरी येऊन रडली. मला मात्र रात्री "ठीक आहे, झोपतेय" एवढंच. खरं गुरुवारी सांगितलं. यजमान आईने तिला रडताना पाहिलं, काही विचारलं नाही, कुत्र्याचा पट्टा हातात दिला आणि दोघी शेतांमधून तासभर चालून आल्या. मला वाटलं होतं मला वाईट वाटेल की माझ्याऐवजी दुसऱ्या कुणी तिला सावरलं. तसं झालं नाही. बरं वाटलं, खूप बरं वाटलं.

वर्गात बुधवारपासून एक वाक्य बोलतेय. इंग्रजीच्या तासाला तर चार. नावाने हाक अजून जमत नाही, पण प्रयत्न चालू आहे. भात मात्र आठवतोय. शनिवारी यजमान बाबा तिला भात करायला स्वयंपाकघर देणार आहेत, बरोबर मेतकूट आहेच. तुपाऐवजी तिथलं लोणी कढवून बघ, असं आजीने सांगितलंय.

---

बोरीबंदर_ते_बर्लिन

बिनमिठाचं लोणी घ्यायला सांगा. पाकिटावर "गेझाल्त्सन", म्हणजे खारं, असं लिहिलेलं नको. मंद आचेवर कढवलं की उत्तम तूप होतं. पंखा चालू आणि खिडकी उघडी ठेवा म्हणावं, त्यांच्या घरात धुराची घंटा असते, ती लगेच वाजते.

---

दादरची_जर्मनवाली

पत्त्याची नोंद झाली का?

---

पार्ल्याची_आई

सोमवारी सकाळची वेळ मिळाली आहे. यजमान आई बरोबर जाणार आहे, सहीचा कागद तयार आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि तो कागद एका फोल्डरमध्ये घालून ठेवायला सांगितलंय.

---

कांजूरमार्ग_लोकल

माझा मुलगा जानेवारीत फ्रान्सला असाच जातोय. पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. इथेच विचारू की नवा धागा काढू?

---

सायनचा_सूर

नवा काढा, म्हणजे फ्रान्सवाल्यांना सापडेल. पण आहाराची चिठ्ठी आजच यजमानांना पाठवा, जानेवारीची वाट बघू नका. अंडं नाही हे ठळक लिहा, तिकडे शाकाहारी म्हटलं की अंडं चालतं असंच धरतात.